तहकुबीचा भाव



तालुक्याच्या दिवाणी कोर्टात पुकारा होतो. बांधाचा दावा आहे. साक्षीदार दिवसाची मजुरी बुडवून एसटीनं आलेला. तेवढ्यात प्रतिवादीकडून कागद पुढे येतो : वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत, मुदत मिळावी. वादीचे वकील त्यावर 'सख्त हरकत' लिहितात. हुकूम होतो, 'दोनशे रुपये खर्चाच्या अटीवर अर्ज मंजूर'. आता जमीन प्रतिवादीच्याच ताब्यात असेल, तर दोनशे रुपयांत आणखी दोन महिने पीक घ्यायला तो का नाही म्हणेल?

कायद्यात तरतूद नाही म्हणून असं होतं, असं कुणी समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 सांगतं की साधारणपणे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि कोर्टानं तो द्यायला लावला नाही तर कारण लिहायचं. तरीही निकालाच्या शेवटी 'खर्च ज्याचा त्याने सोसावा' हे वाक्य अगदी सवयीनं येतं. सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2005 साली याच सवयीवर बोट ठेवलं. खर्च वास्तवाला धरून हवा, त्यात पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम हेही धरावं, असं बजावलं.

खरी गंमत कलम 35 अ मध्ये आहे. खोटं आहे हे माहीत असूनही दावा किंवा बचाव रेटला, तर समोरच्याला भरपाईदाखल खर्च देण्याचं हे कलम. ते 1922 साली आलं तेव्हा कमाल मर्यादा होती एक हजार रुपये. 1976 च्या दुरुस्तीनं ती तीन हजार झाली, आणि तिथेच थांबली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती निदान एक लाख करावी असं सुचवलं. ज्या प्रकरणात हे सुचवलं, त्यातच दिल्ली हायकोर्टानं एका अंतरिम अपिलात लावलेला 45 लाखांहून अधिक खर्च मात्र रद्द केला, कारण खर्च कायद्याच्या चौकटीतच द्यायला हवा.

पुढे 2015 साली व्यापारी न्यायालयांचा कायदा आला आणि व्यापारी वादांपुरती तीन हजारांची मर्यादा उठली. खर्च ठरवताना पक्षकाराचं वर्तन पाहायचं, तडजोडीचा रास्त प्रस्ताव त्यानं विनाकारण झिडकारला का हेही पाहायचं, असं त्यात आलं. 2018 पासून तीन लाखांच्या व्यापारी वादालाही हे लागू आहे. म्हणजे दोन व्यापाऱ्यांत खोटेपणा महाग पडू शकतो. दोन भावांत, घरमालक-भाडेकरूत, बांधावरच्या शेजाऱ्यांत मात्र तो अजून तीन हजारांतच भागतो! मला हा भेद कधीच पटलेला नाही.

सरसकट जबर खर्च लावा, असं मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे भांडून हरणारे असतात, आणि गरीब माणूस खर्चाच्या धास्तीनं खरा हक्कही सोडून देईल. फरक करायचा तो प्रामाणिकपणे हरणाऱ्यात आणि जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्यात किंवा वेळ काढणाऱ्यात.

वेळकाढूपणासाठी 1976 च्याच दुरुस्तीनं कलम 35 ब दिलं. त्याखालचा खर्च सरकारजमा होत नाही, त्या दिवशी हेलपाटा पडलेल्या पक्षकाराला मिळतो. अखेर तो दावा हरला तरी. आणि पुढच्या तारखेला ही रक्कम भरल्याशिवाय दुसऱ्याला आपला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. इतकं धारदार कलम, पण ते मागतो कोण?

तेव्हा तुमच्या दाव्यात समोरून मुदतीचा अर्ज आला, तर वकिलांना नुसत्या 'सख्त हरकत'वर थांबू देऊ नका. 35 ब खाली खर्च मागा, साक्षीदाराचं एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी त्यात लिहून द्या. आणि पुढच्या तारखेला, काम सुरू होण्याआधी, पैसे भरले का ते रोजनाम्यात पाहा.