मैदानाला वेळ देणारा माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनी, मुलांच्या क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभात दिलेले भाषण)



बक्षिसं शेवटी आहेत, त्यामुळे मुलं माझं भाषण लवकर संपावं म्हणून वाट बघताहेत हे मला दिसतंय. मी फार वेळ घेणार नाही.

आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. शिवाजी पार्कच्या मैदानावर पुस्तकांचे स्टॉल पाहतो, रांगेत उभे राहतो. त्या मैदानाची आपली ओळख त्या दिवसापुरती. पण एरवी तिथं पहाटेपासून मुलांचं क्रिकेट चालतं. मैदानाच्या पाच नंबरच्या गेटजवळ आता एक स्मारक आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी सचिन तेंडुलकरच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. ते स्मारक रमाकांत आचरेकर सरांचं. पुढच्या वेळी गेलात की मुलांना ते जरूर दाखवा.

सरांचा जन्म १९३२ सालचा. स्वतः खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा फक्त एकच सामना लागला, तोही स्टेट बँकेकडून. नोकरी बँकेची. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा नोकरदार, संसारी माणूस. नोकरी सांभाळून उरलेला वेळ शिवाजी पार्कला. तिथं त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला. शारदाश्रम शाळेच्या मुलांनाही तेच शिकवत.

आता आपल्या मनात लगेच सचिन येतो. साहजिक आहे. १९८४ साली अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा मोठा भाऊ अजित सरांकडे घेऊन आला. पहिल्या वेळी पोरगं बिचकलं, नीट खेळलंच नाही. भावाने विनंती केली की सर, तुम्ही समोर उभे राहिलात की तो घाबरतो, जरा लांबून बघा. सर बाजूला झाले, झाडामागून बघितलं आणि मुलाला ठेवून घेतलं. एवढ्या नावाचा शिक्षक एका पोराच्या थोरल्या भावाचं ऐकतो! मला तर सगळ्या गोष्टीत हीच गोष्ट मोठी वाटते.

पुढे काय केलं? नेटमधला सराव तर होताच. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याला. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. पण सरांचा खरा भर सामन्यांवर. सुट्टीच्या साठ दिवसांत सचिन पंचावन्न सराव सामने खेळला आहे. एका मैदानावर मुलगा बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, तिथं पुन्हा फलंदाजी. शिवाजी पार्कवरून आझाद मैदान. ही स्कूटर कोणी सरकारने दिली नव्हती बरं का. पेट्रोल खिशातलं, आणि वेळ घरच्यांच्या वाट्याचा. त्यांच्या घरच्यांनी हे वर्षानुवर्षं चालू दिलं, त्याचा उल्लेख फारसा कुठं येत नाही, म्हणून मी इथं मुद्दाम करतो. त्यांची मुलगी पुढे क्लबचं काम बघू लागली, यावरून त्या घराचं काय ते समजावं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, तीही सांगतो. सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून सचिन वानखेडेवर आपल्या शाळेची मॅच बघायला गेला. सरांनी गालात लगावली, हातातला डबा उडाला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असं त्यांनी सुनावलं. सचिन ही गोष्ट कृतज्ञतेने सांगतो, तो त्याचा मोठेपणा. पण आपल्यातलं कोणी त्यावरून मुलांवर हात उगारायला लागलं तर ते चालणार नाही. एक सचिन झाला म्हणून मार चांगला ठरत नाही. आणखी एक, सर कधी शाबासकी देत नसत. मुलगा आत्मसंतुष्ट होईल ही भीती. निवृत्तीच्या दिवशी, १६ नोव्हेंबर २०१३ ला, सचिनने वानखेडेवर हसत हसत म्हटलं की सर, आता तरी छान खेळलास म्हणा, आता पुढे मॅचच नाही. लोक हसले. मला ते ऐकताना थोडं लागलं.

फेब्रुवारी १९८८ चा तो सामना सगळ्यांना माहीत आहे. हॅरिस शील्ड, आझाद मैदान. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. विनोद कांजूरमार्गचा, लोकलच्या गर्दीतून किट घेऊन यायचा. सरांनी डाव घोषित करा म्हणून निरोप धाडला, तर पोरांनी तिकडं बघायचंच टाळलं! पण माझं लक्ष तिसऱ्याच मुलाकडं जातं. पॅड बांधून तंबूत बसलेला अमोल मुजुमदार. पुढचा नंबर त्याचा, आणि तो आलाच नाही. पुढे अमोलने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढल्या, पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तोच अमोल भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला.

चंद्रकांत पंडित बघा. विदर्भाला दोनदा आणि २०२२ ला मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळाला, तो ते प्रशिक्षक असताना. प्रवीण आमरे, लालचंद राजपूत, हेही सरांकडचे, हेही पुढे शिकवायला लागले. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. पण माझ्या मते त्यांची मोठी कमाई म्हणजे ही शिकवणारी माणसं.

२ जानेवारी २०१९ ला सर गेले. पद्मश्री असूनही अंत्ययात्रेला सरकारी इतमाम नव्हता, त्यावरून बरीच बोलाबोली झाली. क्लबच्या लहान मुलांनी बॅटी उंचावून मानवंदना दिली.

आता आपल्या वस्तीचं. आपल्या मैदानात पोरं संध्याकाळी खेळतात, आणि खेळता खेळता भांडतात. मुली कडेला उभ्या राहून बघतात. आयाबाया मला विचारतात, भाऊ, अभ्यासाचं काय? रास्त प्रश्न आहे. सचिनच्या घरच्यांनाही तो पडला असणार. सरांच्या सांगण्यावरून त्यांनी शाळा बदलली आणि मुलाला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं. म्हणजे घराने साथ दिली तेव्हा झालं. आपण एवढं काही मागत नाही. संध्याकाळी सहा ते साडेसात, त्यानंतर मुलं इथंच विहारात अभ्यासाला बसतील.

त्यासाठी रोज येणारी दोन माणसं हवी आहेत, जमल्यास त्यातली एक बाई असावी, म्हणजे मुलींना मैदानात उतरवता येईल. फार चांगलं खेळता आलं पाहिजे असं नाही. वही समितीच्या टेबलावर ठेवली आहे. बक्षिसं झाल्यावर नावं लिहा. आणि कोणाकडे जुने पॅड पडले असतील, तर तेही आणून द्या. जयभीम.