गळणारी लाळ आणि औषधांचा अन्य उपयोग

आजचा विषय चारचौघांत बोलण्यासारखा मानला जात नाहीं. म्हणूनच तो येथें घेतला आहे. प्रौढ मनुष्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, कीं तो प्रथम पंगत टाळतो, मग बैठक, आणि अखेरीस बोलणेंहि.

निरोगी मनुष्याच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते व ती नकळत गिळली जाते. कंपवातांत ती बहुधा वाढलेली नसते, गिळणें मंदावतें. जेम्स पार्किन्सन ह्यांनीं १८१७ सालच्या आपल्या निबंधांत लाळ गळण्याचा उल्लेख केलेला आहे.

माझ्या वडीलबंधूंना ह्याच विकारांत डॉक्टरांनीं ॲट्रोपीनचे थेंब जिभेखालीं घेण्यास सांगितले. हे थेंब वास्तविक डोळ्यांत घालावयाचे. औषधविक्रेत्यानें चिठ्ठी दोनदां वाचली! परवान्यांत लिहिलेल्या कामाखेरीज अन्य कामीं औषध देण्याची ही रीत डॉक्टरांमध्यें रूढ आहे व ती बेकायदा नव्हे. ॲट्रोपीन मज्जातंतूचा निरोप लाळग्रंथीपर्यंत पोंचूं देत नाहीं. आपल्याकडील धोतऱ्यांत त्याच जातीचीं द्रव्यें असतात. धोतरा पोटांत गेलेला मनुष्य ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना कोरडें पडलेलें तोंड, विस्फारलेल्या बाहुल्या आणि ती बडबड आठवेल. औषधाचा गुण आणि त्याचा धोका, दोन्ही एकाच मुळीचे.

चौथ्या रात्रीं बंधु कचेरीची वेळ झाली म्हणून कोट घालून उभे राहिले. त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षें झालीं आहेत. डॉक्टरांनीं थेंब तात्काळ थांबविले व भ्रम ओसरला. काचबिंदु, लघवीचा अडथळा, मलावरोध किंवा विस्मृति असलेल्या वृद्धांनीं हें आधींच डॉक्टरांच्या कानावर घालावें. ग्लायकोपायरोलेट मेंदूंत फारसें शिरत नाहीं, म्हणून अशांना कधीं तें देतात. परंतु अमेरिकेंत २०१० सालीं लाळेसाठीं त्याला मान्यता मिळाली ती मुलांपुरती. मलावरोध व लघवीचा त्रास त्यानेंहि होतोच.

बंधूंना शेवटीं बोटुलिनम विषाची सुई लाळग्रंथींत दिली. प्रौढांच्या लाळेसाठीं ह्या विषाच्या एका प्रकाराला अमेरिकेंत २०१८ सालीं मान्यता मिळालेली आहे. गुण सुमारें तीन महिने टिकतो. मात्र विष शेजारच्या स्नायूंत उतरल्यास गिळणें अधिक कठीण होतें, तेव्हां सुई जाणत्या हातानेंच द्यावी लागते. एरव्हीं दुपारीं, त्यांना मधुमेह नसल्यामुळें, डॉक्टरांच्या संमतीनें ते खडीसाखर चघळतात. चघळतांना गिळण्याची आठवण राहते. खडा अर्थात् लहानच द्यावयाचा आणि जवळ कोणी तरी बसावयाचें.