बांधावरून वन्यजीवांचे छायाचित्रण

(वन्यजीव सप्ताहानिमित्त शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस आहेत. अशा वेळी कृषिविद्येच्या व्याख्यात्याने खतांच्या मात्रा सोडून फोटो काढण्यावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण आपण वर्षाचे जेवढे तास उघड्या रानात काढता, तेवढे शहरातील कोणत्याही हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला येत नाहीत. तो रजा टाकून, गाडीभाडे भरून चार दिवसांसाठी ताडोब्याला जातो. आपल्या विहिरीवर सुगरण घरटे विणत असते, नांगराच्या मागे गायबगळे चालत असतात, आणि आपले त्यांच्याकडे लक्षही नसते. या छंदाला लागणारी सर्वांत महाग वस्तू म्हणजे रानात बसायची जागा आणि वेळ. ती आपणांजवळ आहे. कॅमेऱ्याचे नंतर पाहू.

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, या बाबतीत भाग्यवान आहे. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा डोंगराळ, भरपूर पावसाचा भाग आहे. पूर्वेला नेवासा-शेवगावकडे जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी पसरले आहे. तेथे हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकादंब आणि नाना जातींची बदके उतरतात. मधल्या पट्ट्यात ऊस आहे. दक्षिणेला कर्जत-जामखेडकडे कमी पावसाचे माळरान आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य याच माळावर आहे. 1980 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे 217 हेक्टर आहे. काळविटांना ही हद्द कोण समजावून सांगणार? ती आसपासच्या शेतांत चरतात, पिकाचे नुकसान करतात आणि त्यावरून आपली तक्रारही असते. ती तक्रार रास्त आहे. पण शेतात उभे राहिलेले हे जनावर आपण एकदा नीट पाहिले आहे का?

नराची पाठ वयाबरोबर गडद होत जाते. पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे मात्र पांढरेच राहते. पिळदार शिंगे नरालाच असतात. मादी पिवळसर तपकिरी असते. माजाच्या दिवसांत नर माळावरचा एक तुकडा आपला म्हणून धरून ठेवतो. ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालतो, डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा स्राव काडीला पुसून खूण करतो आणि दुसरा नर आत आला की मान वर करून, शिंगे पाठीवर टाकून त्याच्याकडे चालत जातो. हे चित्र ज्याला टिपायचे असेल त्याने काळविटाच्या मागे धावू नये. लेंड्यांचा ढीग शोधावा आणि त्यापासून बऱ्याच अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झुडपाआड बसून राहावे. नर तेथे परत येतोच.

पायी चालणारा माणूस दिसताच कळप उधळतो, पण बैलगाडीकडे तो तितके लक्ष देत नाही. पूर्वीच्या शिकाऱ्यांनी याच गोष्टीचा फायदा घेतला होता. आपण तोच फायदा फोटोसाठी घ्यावा. गाडी सरळ त्यांच्या रोखाने नेऊ नये. तिरकी, हळूहळू न्यावी, थांबवावी, पुन्हा थोडी न्यावी. बैलांनी शेपट्या हलवल्या तरी कळप चरत राहतो. मोटारसायकल कळपामागे घालून पळत्या हरणांचे फोटो घेणारे महाभागही आहेत. त्या फोटोंत हरणांच्या पाठी आणि धुरळा यांखेरीज काही येत नाही. शिवाय कळपात गाभण माद्या असतात, आणि काही माद्यांची पाडसे गवतात दडवून ठेवलेली असतात. जन्मानंतर काही दिवस पाडस एकटेच निपचित पडून राहते व आई अधूनमधून येऊन त्याला पाजते. असे पाडस दिसल्यास ते टाकून दिले आहे असे समजून घरी आणू नये. दुरून एक फोटो घ्यावा आणि निघून जावे.

याच माळावर पूर्वी माळढोक होता. 1979 साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात सोलापूरबरोबर आपल्या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा तालुक्यांचेही क्षेत्र होते. जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे शेतकऱ्यांत नाराजी होती, हे आपणांस ठाऊक आहे. पुढे 2012 मध्ये हे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटरवरून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्या आजोबांनी माळढोक पाहिला असेल. पण त्याचा फोटो किती घरांत आहे? तेव्हा खेड्यात कॅमेरा नव्हता. आता घरोघरी मोबाईल आहे, आणि माळावर अजून खोकड आहे, लांडगा आहे, धाविक आहे, चंडोल आहे. आज नेहमी दिसणाऱ्या प्राण्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि तो दिसेनासा झाला की कोठे व केव्हा होता हे सांगणारी नोंद सापडत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की नवख्याने दुर्मिळ जनावराच्या मागे लागू नये. आपल्या बांधावरच्या टिटवीपासून सुरुवात करावी.

टिटवीने अंडी कोठे घातली यावरून आपल्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. तो खरा ठरतो की नाही या वादात मी पडत नाही. परंतु त्या अंड्यांकडे पाहावे. बहुधा चार असतात, ढेकळाच्या रंगाची, टोके आत वळवून ठेवलेली. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पाळी घालताना घरटे सापडले तर तेवढा तुकडा सोडावा, जवळ खुणेची काठी पुरावी आणि लांबून पाहत राहावे. कडक उन्हात टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार करते. हे मोठे मजेचे दृश्य आहे. पण त्याच कडक उन्हात आपण घरट्याजवळ ठाण मांडले तर टिटवी ओरडत घिरट्या घालते आणि तिकडे अंडी तापत राहतात. आपल्या पायवाटेवरून कुत्री आणि कावळेही तेथे पोचतात. घरट्याचा फोटो घ्यायचाच असेल तर मिनिटभरात, दुरून घ्यावा. पक्षी परत घरट्यावर बसला नाही तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरावे.

सुगरणीचे तसे नाही. विहिरीवर लोंबणारी घरटी पलीकडच्या काठावरून आरामात टिपता येतात. पावसाळ्यात पिवळ्या डोक्याचा नर अर्धे घरटे विणतो आणि त्याला लोंबकळून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडले तर पुढचे काम होते, नाहीतर अर्धे घरटे तसेच राहते. बहुतेक घरटी झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे सकाळचे ऊन आपोआप घरट्यावर येते. एक सूचना मात्र करतो. मोबाईलच्या पडद्याकडे पाहत विहिरीच्या काठावर मागे-पुढे सरकू नये.

आता कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. पूर्वी एका रोलमध्ये 36 फोटो निघत आणि धुलाईचा खर्च वेगळा, म्हणून माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करी. तो विचार अजूनही करावा. पाळीव जनावरे, घरटी, फुलपाखरे यांसाठी मोबाईल पुरेसा आहे. लांबच्या पक्ष्यांसाठी जास्त झूम असलेला साधा कॅमेरा, शक्य तर जुना, घ्यावा. सूर्य पाठीशी ठेवावा. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. जनावराच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे प्रसंगी जमिनीवर पालथे पडून, फोटो घ्यावा आणि डोळा स्पष्ट येऊ द्यावा. याचा सराव आपल्याच संगमनेरी शेळीवर किंवा डांगी गाईवर करावा. ती पळून जात नाही. सपाट जागी, बाजूने, चारही पाय व कास दिसेल असा काढलेला फोटो विक्रीच्या वेळीही उपयोगी पडतो.

आता बिबट्याविषयी. हा विषय हौसेचा राहिलेला नाही.

जनावराने स्वतःचा फोटो स्वतः काढावा ही युक्ती जुनी आहे. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी उत्तर भारतातील जंगलात वाघाच्या वाटेवर तार लावून असे फोटो मिळवले आणि 1927 साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. हीच पद्धत पुढे आपल्या अकोले तालुक्यात उपयोगी पडली. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तेथील ऊस व इतर पिकांच्या, दाट वस्तीच्या भागात वाटांवर आपोआप चालणारे कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि डावी बाजू उजवीसारखी नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो मिळाल्यास एक बिबट्या दहादा दिसला की दहा बिबटे दिसले, हे कळते. दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे असल्याचे आढळले. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. विष्ठेच्या तपासणीत त्यांच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा, वजनाने 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा 11 टक्के होता. उकिरड्यावर पोसलेली भटकी कुत्री बिबट्याला वस्तीजवळ आणतात, याचा हा पुरावा आहे.

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 मध्ये विहिरीतून काढलेला बिबट्या आपणांस आठवत असेल. ‘आजोबा’ हे त्याचे नाव. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. 2011 मध्ये रस्त्यावरील अपघातात तो मेला, तेव्हा शरीरातील चिपवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर 2014 मध्ये चित्रपटही निघाला. एवढ्या प्रवासात त्याने कोणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही.

पण सगळे बिबटे आजोबासारखे जात नाहीत. अलीकडच्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुले आहेत. म्हणून स्पष्ट सांगतो. बिबट्या दिसला की मोबाईल काढून पुढे जाणे हा छंद नव्हे. उसात अडकलेल्या बिबट्याभोवती शंभर माणसे मोबाईल धरून उभी राहतात, चारी बाजू बंद होतात आणि मग तो ज्या फटीतून निघतो तेथे कोणीतरी उभा असतो. अशा वेळी मुलांना घरात घ्यावे, एक बाजू मोकळी सोडावी आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. फोटो ठशाचा घ्यावा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो. कुत्र्याच्या व तरसाच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत. निम्म्या अफवा एवढ्याने मिटतील.

ऊसतोडीत पिल्ले सापडतात. ती मांडीवर घेऊन फोटो काढण्याची जी प्रथा पडली आहे ती फार वाईट. आई जवळच उसात असते. पिल्ले हलवली की ती त्यांना शोधत वस्तीभोवती फिरते आणि चिडलेली असते. त्या फडातील तोड थांबवावी, हात न लावता दूर व्हावे. वन विभागाचे लोक पिल्ले रात्री त्याच जागी ठेवतात, आणि पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. जुन्नरकडे अशी अनेक पिल्ले आईकडे परत गेली आहेत. दरवेळी ती बिबट्याचीच असतात असेही नाही. रानमांजराची असतात, कधी वाघाटीचीही असतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आहे. दुरून घेतलेल्या एका फोटोवरून जाणकार ओळख सांगू शकतो.

कायद्याचेही भान असावे. अभयारण्यात छायाचित्रणाला परवानगी लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराला हाकणे, आमिष दाखवणे, पक्ष्यांची घरटी व अंडी विस्कटणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. फोटोसाठी केले, हे कारण चालत नाही.

आता रब्बीत हरभरा पेराल. घाटेअळीसाठी हेक्टरी 50 पक्षीथांबे लावण्याची शिफारस आपणांस माहीत आहे. त्यांतला एक थांबा मळ्यातील छपरापासून वीस पावलांवर, सकाळचे ऊन आपल्या पाठीशी येईल अशा जागी रोवावा. छपराच्या कुडाला मूठभर भोक ठेवावे आणि आत शांत बसावे. कोतवाल येईल, साळुंकी येईल, रात्री पिंगळा येऊन बसेल. त्याच्यावर फ्लॅश मारू नये. कोतवालाच्या चोचीत काय आहे ते फोटो मोठा करून पाहावे. अळी आहे, नाकतोडा आहे की आणखी काही, ते एका वहीत तारीख, गट नंबर आणि पिकाची अवस्था यांसह लिहावे. थंडीत ज्वारीवर भोरड्या येतील तेव्हा पहिला थवा कोणत्या तारखेला दिसला, तेही त्याच वहीत लिहावे. गोफण हातात घेण्याआधी संध्याकाळच्या आकाशातील त्या थव्याचा एक फोटो घ्यावा. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही आणि फोटो बरोबर आणावेत. जेवणाच्या सुट्टीत आपण ते एकत्र बसून पाहू.