पोरवयातील आई आणि तिचे तान्हे मूल



ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या हिशेबात त्यांची गणना माणसांची नसते, कोयत्यांची असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्याला. शिवाय वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटते. परिणामी तिचे लग्न हंगामापूर्वी उरकले जाते. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीच्या लग्नाचे वय १८ झाले, २००६ साली अधिक कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली.

या मुलींचे खुंटलेले शिक्षण, रक्तक्षय, बाळंतपणातील धोके यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु त्यांच्या कुशीतील मुलाच्या मनाचा विचार क्वचितच होतो.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. सांभाळ करणाऱ्या माणसाचा प्रेमळ व अखंड सहवास ही मुलाची मूलभूत गरज आहे, हे त्याचे सार. पुढे मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मायलेकरांचे बारकाईने निरीक्षण केले. मूल रडले असता त्याची गरज ओळखून कोणी धावून येत असेल, तर त्या माणसाच्या आधारावर ते निर्धास्तपणे जगाकडे रांगू लागते. प्रतिसाद कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशी स्थिती असेल तर काही मुले सतत चिकटून राहतात व समजूत घालूनही शांत होत नाहीत. काही आईकडे पाठ फिरवून जणू तिची गरजच नाही असे वागू लागतात. शांत मूल नेहमीच सुखी मूल नसते.

सोळा-सतरा वर्षांची आई स्वतःच अर्धी मूल असते. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची, मग कोपीत चूल पेटवायची. या दिनक्रमात बाळाच्या प्रत्येक हाकेला ओ देण्याचे त्राण तिच्यात कोठून येणार? बांधावर झोळीत ठेवलेले मूल रडून रडून निजते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: पूर्वी पंधराव्या वर्षी बाळंतपणे होत नव्हती काय, आणि ती मुले वाढली नाहीत काय? वाढली, पण त्या घरांत आजी होती, आत्या होती, थोरली जाऊ होती. मूल आईच्या एकटीच्या अंगावर नव्हते. आज टोळीबरोबर जोडपे जाते आणि आजी बहुधा गावी राहते. कोवळ्या वयाचे आईपण तेच राहिले. त्याला सावरणारे हात मात्र स्थलांतराने काढून घेतले.

म्हणूनच दोष त्या मुलीच्या मायेत शोधणे हा अन्याय आहे. दारिद्र्य, मनाचे खचलेपण आणि एकटेपणा यांचा वाटा वयाइतकाच, किंबहुना अधिक असतो. तिला विसावा आणि सोबत मिळाली तर ती उत्तम आई होऊ शकते. आणि आरंभी बिघडलेला जिव्हाळाही पुढे सावरता येतो.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ साली २६ आठवड्यांच्या रजेपर्यंत पोचला, पण तो उसाच्या फडापर्यंत पोचला नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, आपण केवळ मध्यस्थ. या टोलवाटोलवीत मुलाचे पहिले वर्ष निघून जाते, आणि ते वर्ष पुढच्या हंगामात भरून मिळत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उचल जोडप्याऐवजी मजुराच्या नावे मिळावी. मुलींसाठी हंगामभर गावी वसतिगृहे चालावीत. प्रत्येक तळावर पाळणाघर असावे आणि तेथे टोळीतीलच एखादी जाणती बाई मजुरी देऊन नेमावी. कारण मुलाला रोज तोच चेहरा दिसणे महत्त्वाचे आहे. टनाच्या दरासाठी लढणाऱ्या संघटनेने झोळीतील मुलाचा प्रश्नही त्याच मागणीपत्रात लिहिला पाहिजे.