न जाणवणारे किरण



१९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरी भंगारात गेलेल्या एका वैद्यकीय यंत्रातून सीझियम-१३७ ची अंधारात निळसर चमकणारी भुकटी बाहेर पडली. कौतुकाने ती आप्तेष्टांत वाटली गेली. भुकटी लागलेल्या हातांनीच जेवलेली सहा वर्षांची बालिका दगावली. एकंदर चौघे मृत्यू पावले.

शरीर सीझियमला पोटॅशियमसारखेच मानून स्नायूंत सामावून घेते. तेथून निघणारे किरण पेशींतील रेणू भंगवितात. अस्थिमज्जेचे रक्त घडविण्याचे कार्य खुंटते. किरण लागताना मात्र काहीच जाणवत नाही.

म्हणून तीन पात्यांचे धोकाचिन्ह फळ्यावर काढून दाखवा. अनोळखी वस्तूस हात न लावण्याची, जेवणापूर्वी हात धुण्याची सवय मुलांस लावा. इंद्रिये जेथे सावध करीत नाहीत, तेथे शिक्षणानेच सावध केले पाहिजे.