स्पर्शावाचून नाडी



रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहणे ही वैद्यकाची फार जुनी रीत. परंतु ज्याचे मनगट आपल्या करंगळीएवढे असते आणि ज्याची त्वचा चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर सोलून निघू शकते, अशा रोग्याची नाडी कशी पाहावी? अतिशय अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या कक्षात हा प्रश्न रोजचाच आहे. त्यांचा श्वास मधूनच थांबतो. २० सेकंदांचा खंडही धोक्याचा मानला जातो. म्हणून पाळत अखंड हवी, आणि त्यासाठी छातीवर व पायावर तारा चिकटवाव्या लागतात.

प्रकाशाने येथे एक वाट दाखविली आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व घटते. रक्तातील हीमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. त्यामुळे त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात, डोळ्यांना न जाणवणारा परंतु ठोक्यांच्या तालावर चालणारा चढउतार होतो. साधा कॅमेरा आणि खोलीतला प्रकाश एवढ्यावर तो टिपता येतो, हे २००८ साली सिद्ध झाले. छातीच्या हालचालीवरून श्वासही मोजता येतो. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात ३० अकाली अर्भकांचे चारशेहून अधिक तासांचे चित्रण करण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चित्र स्पष्ट असे तेव्हा, कॅमेऱ्याने मोजलेली हृदयगती नेहमीच्या यंत्राहून सरासरीने मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनीच वेगळी होती.

मात्र चित्र नेहमीच स्पष्ट नसते. बाळ हातपाय हलविते, परिचारिकेचा हात मध्ये येतो, दिवे मंद होतात. शिवाय त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषते. वर्ण जितका सावळा, तितकी ही खूण क्षीण. म्हणून आपल्यासारख्या देशात, गोऱ्या बालकांवर घेतलेल्या कसोटीच्या भरवशावर असे यंत्र स्वीकारणे धोक्याचे होईल. ते आपल्या बालकांवर, आपल्या रुग्णालयांतील प्रकाशात पारखून घेतले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. अकाली अर्भकाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची रीत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचविले. तारा गेल्या तर बाळाला असे उचलून घेणे सोपे होईल. परंतु आईच्या कुशीत झाकलेले बाळ कॅमेऱ्याला फारसे दिसत नाही. त्या वेळी त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावयाचे ते आईने आणि परिचारिकेनेच. तेव्हा कॅमेरा आला म्हणून कक्षातील परिचारिका कमी करण्याचा विचार कोणी मनात आणू नये.