दुःख ज्याचें, शब्दही त्याचाच



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं एका कठीण काळाची आठवण काढणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु २०२० च्या मार्चमध्यें महासाथीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हां एकलेपणा म्हणजे काय हें आपण सर्वच शिकलों. आणि आपल्या अपंग बांधवांस तो धडा दुप्पट कठोर झाला, हें सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं.

अंध मनुष्य स्पर्शानें जग ओळखतो. त्या स्पर्शाचेंच भय उत्पन्न झालें. बहिरा मनुष्य समोरच्याचे ओंठ पाहून बोलणें जाणतो; ते ओंठ मुखपट्टीआड गेले. ज्यास उठावयास दुसऱ्याचे हात लागतात, त्याच्या दाराशीं ते हात येईनासे झाले. मग मन खचलें, यांत नवल तें काय?

लोकांच्या मनास आधार मिळावा म्हणून केंद्र सरकारनें ७ सप्टेंबर २०२० रोजीं ‘किरण’ नांवाची दूरध्वनिसेवा सुरू केली. मराठीसह १३ भाषांत ती अहोरात्र चाले. अपंगांच्या हिताचें काम पाहणाऱ्या खात्यानेंच ती काढली होती, आणि हेतु निःसंशय स्तुत्य होता. तथापि त्या १३ भाषांत खुणांची भाषा नव्हती. ज्यास ऐकूं येत नाहीं, त्यानें दूरध्वनीवर आपलें दुःख कसें सांगावें? योजना आंखतेवेळीं बहिरा मनुष्य शेजारीं बसलेला असेल, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशीं निघतो.

हें कांहीं माझें नवें मत नव्हे. अपंगांविषयींचे निर्णय त्यांच्याशीं विचारविनिमय करूनच घ्यावे, असें संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारांत आहे, व भारतानें तो २००७ मध्यें मान्य केला. आपला २०१६ चा कायदाही संकटकाळीं त्यांस इतरांइतकेंच संरक्षण देतो. कायदा झाला, संवय मात्र अद्याप व्हावयाची आहे. अंध पाहुणा घरीं आला, कीं आपण त्याच्या सोबत्यास विचारतों, “यांना पाणी हवें का?” पाहुणा समोर बसलेला असतो, त्यास सर्व ऐकूं येत असतें, तरीही आपण त्यास विचारीत नाहीं.

बंधुभगिनींनो, दयेची आपल्यांत उणीव नाहीं. उणीव आहे ती विचारण्याची. पुन्हा संकट येईल, तेव्हां मदतीची मंडळी नेमतांना अपंगांच्या जागा आधीं राखून ठेवा, आणि पहिला शब्द त्यांस बोलूं द्या. खचलेल्या मनाची वाट तीच माणसें चालून आलेलीं आहेत. ती आपणांस तींच दाखवितील.